वाचलं का कुणी? : ऑटो-रिप्लाय बंद केल्यानंतरच्या प्रकल्प नोंदी

६ जानेवारी २०२५

काल रात्री इनबॉक्समध्ये जे दिसलं ते विसरायचं नाही, म्हणून आजपासून ही वही.

आधी थोडी पार्श्वभूमी. आम्ही चौघं मिळून एक छोटा उपक्रम चालवतो. सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये काम केलेले, पण मध्ये काही वर्षं खंड पडलेले लोक पुन्हा कामावर येऊ पाहतात, तेव्हा त्यांना वाट दाखवणाऱ्या अनुभवी टेस्टरशी, म्हणजे मेंटॉरशी, जोडून द्यायचं, एवढंच काम. तिघांच्या नोकऱ्या आहेत, ताई निवृत्त आहेत, त्यामुळे सगळं रात्री जेवणानंतर चालतं. लोक बहुतेक लिंक्डइनवरून येतात. गेल्या सप्टेंबरात मेसेज आवरेनासे झाले, तेव्हा आमच्यातल्या प्रोग्रामर मित्राने ब्राउझरमध्ये बसणारं एक साधन जोडलं. आलेला मेसेज भाषेच्या मॉडेलकडे, म्हणजे मजकूर लिहिणाऱ्या एआयकडे, जायचा, मॉडेल उत्तर लिहायचं आणि ते आमच्या नावाने निघून जायचं. मी स्वतः होकार दिला होता.

काल जुने संवाद चाळताना डिसेंबरमधला एक मेसेज समोर आला. मेसेज कसला, पत्रच. बाईंनी लिहिलं होतं की वडिलांच्या आजारपणात सहा वर्षं घरी गेली, ऑक्टोबरात वडील गेले. टेस्टिंग म्हणजे नेमकं काय हे वडिलांना कधी नीटसं उमगलं नाही, पण रोज संध्याकाळी ते विचारायचे, "आज किती चुका पकडल्यास?" नोकरी सोडल्यावरही विचारत राहिले, आणि ती रोज काहीतरी आकडा सांगत राहिली. शेवटी एकच प्रश्न होता: आता सुरुवात कुठून करू?

आमचं उत्तर चाळीस सेकंदांत गेलं होतं. "तुमचा प्रवास खरोखरच प्रेरणादायी आहे!" त्याखाली पाच मुद्दे आणि दोन लिंक. वडिलांचा उल्लेख नाही.

तिने परत एकच ओळ लिहिली: "मी लिहिलेलं कुणी वाचलं का?"

त्यालाही उत्तर गेलं: "हो, नक्कीच! आमच्याकडे आलेला प्रत्येक संदेश आम्ही मनापासून वाचतो."

कुणीही वाचला नव्हता. मी पहिल्यांदा वाचला तो काल, साडेतीन आठवड्यांनी.

साधन रात्रीच बंद केलं. तिला हाताने लिहिलं: तुमच्या दोन्ही मेसेजना यंत्राने उत्तर दिलं, ‘वाचलं’ हे खोटं होतं, आज मी वाचलं आहे, चूक आमची आहे. पुढे काही विचारायचा धीर झाला नाही. तिचं उत्तर येईल असं वाटत नाही.

७ जानेवारी

लिंक्डइनचा वापरकरार आज पहिल्यांदा शेवटपर्यंत वाचला. बॉट किंवा परवानगी नसलेली स्वयंचलित साधनं वापरून संपर्क जोडायला, मेसेज पाठवायला त्यात स्पष्ट मनाई आहे. म्हणजे चार महिने आम्ही नियमही मोडत होतो. मित्र म्हणाला, "सगळेच वापरतात गं." असतील. पण मला नियमापेक्षा त्या ‘हो, नक्कीच’ची बोच जास्त आहे, असं त्याला सांगितलं. तो जरा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "सगळे लॉग आहेत माझ्याकडे. बसून वाचूया."

१३ जानेवारी

सप्टेंबर ते डिसेंबरचे १८८ संवाद चौघांनी वाटून घेतले आणि वाचले. चार रात्री गेल्या.

पहिल्या रात्री मी यंत्राच्या भाषेतल्या चुका शोधत होते आणि त्या जवळजवळ सापडल्याच नाहीत. व्याकरण ठीक, माहिती बहुतेक बरोबर, सूर गोड. वाचून मात्र डोकं बधिर होत होतं. दुसऱ्या रात्री ताईंनी एक युक्ती काढली. एका माणसाला गेलेलं उत्तर उचलायचं आणि दुसऱ्याच माणसाच्या पत्राखाली ठेवून बघायचं. तिथेही ते तितकंच बसलं, तर ते पहिल्याला दिलेलं उत्तर नव्हतंच. आम्ही याला अदलाबदल चाचणी म्हणू लागलो. यंत्राची बहुतेक सगळी उत्तरं या चाचणीत पडली. ‘प्रेरणादायी प्रवास’ बाळंतपणानंतर परतणारीलाही बसला, अपघातातून उठलेल्यालाही बसला, आणि ज्याने फक्त बैठकीची वेळ विचारली होती त्यालाही.

मग ताईंनीच म्हटलं, आपली जुनी उत्तरंही लावून बघा. साधन येण्याआधी आम्ही हाताने लिहिलेली. माझी वीस काढली. तेरा पडली. "संपर्क केल्याबद्दल धन्यवाद, आपला रेझ्युमे पाठवा, लवकरच कळवतो." हे माझ्या बोटांनी लिहिलं होतं, कुठल्या मॉडेलने नाही. कुणाला कामावर पाच वर्षं झाल्याची सूचना दिसली की तयार ‘अभिनंदन’वर बोट ठेवून पुढे जायचं, तेही मी वर्षानुवर्षं केलं आहे.

म्हणजे शोधायची गोष्ट निराळीच आहे. लिहिलं कुणी यापेक्षा लिहिण्याआधी कुणी वाचलं होतं का, हे बघायला हवं. यंत्राने एवढंच केलं की न वाचता उत्तर देणं अगदी फुकट करून टाकलं. आधी न वाचलेल्या पत्राला निदान मौन तरी मिळायचं, आणि मौनाचा अर्थ समोरच्याला कळायचा.

२१ जानेवारी

ही तयार उत्तरं इतकी गोड का असतात, याचा छडा लावत होते.

गुगलने २०१५च्या नोव्हेंबरात आपल्या इनबॉक्स या मेल ॲपमध्ये स्मार्ट रिप्लाय आणला. मेलखाली तीन छोटी उत्तरं तयार दिसायची, एकावर बोट ठेवलं की गेलं. लिंक्डइनच्या मेसेजमध्ये तशीच सोय २०१७मध्ये आली. गुगलच्या मंडळींनी तेव्हाच सांगितलं होतं की सुरुवातीच्या नमुन्याला एक खोड होती: मेल कसलाही असो, सुचवण्यांत ‘आय लव्ह यू’ डोकावायचं. सुरुवातीला ही नुसती गंमत वाटते, पण कारण फार बोलकं आहे. ‘धन्यवाद’, ‘छान’, ‘आय लव्ह यू’ ही माणसं एकमेकांना सर्रास पाठवतात ती वाक्यं. समोरच्या मजकुराबद्दल खात्री नसली की यंत्र जे एरवी सगळ्यात जास्त वापरलं जातं तिकडे झुकतं, कारण ते चुकायची शक्यता सगळ्यात कमी. उपाय म्हणून, जे उत्तर कुठेही चालतं त्याचे गुण कमी करावे लागले. म्हणजे ताईंची अदलाबदल चाचणीच, गणितात.

आणखी एक. यंत्र होकाराकडे इतकं कलायचं की तिन्ही सुचवण्या ‘हो’च्याच यायच्या. मग मुद्दाम नियम घालावा लागला की वरच्या दोनांत होकारच असेल तर तिसरा नकार ठेवायचा. २०१६च्या त्यांच्या शोधनिबंधात हे आहे.

आजची मॉडेलं त्या मानाने खूप पुढची आहेत, यंत्रणाही वेगळी आहे. पण आमच्या १८८ संवादांत यंत्राने एकदाही "हे आम्हाला जमणार नाही" असं म्हटलेलं नाही. सुरक्षा चाचणीतला मेंटॉर आमच्याकडे एकही नाही. तरी तो मागणाऱ्या अकरा जणांना ‘लवकरच जोडून देऊ’ असं गेलं आहे. या अकरांना उद्यापासून एकेक करून खरं कळवायचं.

२९ जानेवारी

चौघांची बैठक, आणि वाद.

मित्राचं म्हणणं रास्त होतं. साधन बंद झालं तरी मेसेज थांबलेले नाहीत, आणि आठ दिवस काहीच उत्तर नसेल तर घाबरलेला माणूस आणखी घाबरतो. निदान पोच तरी हवी. मी आधी अडून बसले होते, पण त्याचं खरं आहे. पोच म्हणजे पावती. पावती यंत्राने दिली म्हणून कुणी फसत नाही, फक्त तिने पावती म्हणूनच यावं.

वाद झाला तो शब्दांवर. शेवटी ठरलेला मजकूर असा:

"ही पोच आपोआप आली आहे. तुमचं पत्र अजून कुणी वाचलेलं नाही. आम्ही चौघं आहोत आणि आठवड्यातून तीन रात्री पत्रं वाचतो. येत्या दहा दिवसांत आमच्यापैकी एक जण स्वतः वाचून उत्तर देईल आणि खाली आपलं नाव लिहील."

‘अजून कुणी वाचलेलं नाही’ हे वाक्य ताईंना उद्धट वाटलं. "पाहुण्याला दारात उभं करून सांगितल्यासारखं होतं." मी म्हटलं, तेच एक वाक्य ठेवा, बाकी हवं ते बदला. ठेवलं. ही पोच आमच्या ईमेलवरून जाते. लिंक्डइनच्या पानावर फक्त ईमेलचा पत्ता दिला आहे आणि तिथे आता कुठलंही साधन नाही.

मित्राने एक माहिती आणली होती. बॉटने आपण बॉट आहोत हे लपवू नये, यासाठी कायदे होऊ लागले आहेत. कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९पासून विक्री किंवा मतदानावर प्रभाव टाकण्यासाठी बॉट माणूस असल्याचं भासवू शकत नाही. युरोपीय संघाच्या २०२४च्या एआय कायद्यात यंत्राशी बोलतो आहोत हे माणसाला कळलं पाहिजे, असं कलमच आहे. आमचा उपक्रम यातल्या कशातच बसत नसेल. पण ‘हो, नक्कीच, वाचतो’ हे जे आमच्या नावाने गेलं, त्यासारख्या गोष्टींसाठी कुणाला तरी कायदा लिहावा लागला, हे वाचून मान खाली गेली.

४ फेब्रुवारी

हे सगळं एवढं मनाला का लावून घेतेस, असं घरी विचारलं. नीट उत्तर देता आलं नाही. आज लिहून बघते.

मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञाने १९७३मध्ये मांडलं की जवळच्या माणसांपेक्षा दूरच्या ओळखींतून नवी माहिती जास्त येते. जवळच्यांना जे ठाऊक असतं ते बहुतेक आपल्यालाही असतं. दूरचा माणूस वेगळ्या वर्तुळात वावरतो. नोकरीची खबर तिकडून येते. २०२२मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आलेल्या एका अभ्यासाने हेच लिंक्डइनच्या दोन कोटींहून जास्त सदस्यांवर, पाच वर्षांच्या प्रयोगांतून तपासलं. मध्यम पातळ ओळखी सगळ्यात उपयोगी ठरल्या, अगदी घट्ट नाहीत आणि अगदी नावापुरत्याही नाहीत.

आता ज्याचं काम सहा वर्षं सुटलं आहे त्याचा विचार करा. घट्ट नाती राहतात, आईवडील, भावंडं, दोन मैत्रिणी. गळून जातात त्या या मधल्या ओळखी. पलीकडच्या टीममधला, रिव्ह्यूला बसणारी, जिना चढताना दोन शब्द बोलणारा. परतणाऱ्या माणसाला नेमकी तीच जागा भरून काढायची असते, म्हणून तो अनोळखी लोकांना लिहितो.

आणि पातळ ओळखीपाशी शब्दांखेरीज काहीच नसतं. मैत्रीण मला ‘हं, बघू’ म्हणाली तर मी रागावत नाही, तिची वीस वर्षं त्या ‘हं’च्या मागे उभी असतात. अनोळखी माणसाच्या पहिल्या उत्तरामागे काहीच उभं नसतं. ते उत्तर म्हणजेच सगळी ओळख. तिथेच पोकळ वाक्य आलं तर ओळख सुरू होण्याआधी संपते, आणि तो माणूस पुढच्या वेळी दुसऱ्या कुणाला लिहितानाही हात आखडतो.

११ फेब्रुवारी

आज माझ्या हातून वाईट झालं.

परवा एक पत्र आलं. अतिशय नीटनेटकं. तीन परिच्छेद सारख्या लांबीचे, एकही शुद्धलेखनाची चूक नाही, शेवटी व्यवस्थित आभार. महिनाभर यंत्राची उत्तरं वाचून माझे डोळे तसेच झाले होते. मी दोन ओळी लिहिल्या: "हा मजकूर यंत्राने लिहिलेला दिसतो. तुमच्या शब्दांत लिहिलंत तर मदत करणं सोपं जाईल."

आज त्यांचं उत्तर आलं. परवानगी घेऊन इथे उतरवते.

"मॅडम, ते मीच लिहिलं आहे. सात वर्षांनी कामासाठी पहिल्यांदा काही लिहीत होतो. चूक राहू नये म्हणून तीन रात्री बसलो, चार वेळा उतरवून काढलं. इतकं खोटं वाटेल असं वाटलं नव्हतं."

त्यांचं पहिलं पत्र पुन्हा उघडलं. आता दिसलं. पहिल्या परिच्छेदात काय करत होतो, दुसऱ्यात काय व्हायला हवं होतं, तिसऱ्यात प्रत्यक्षात काय झालं. ही बग रिपोर्टची, म्हणजे सॉफ्टवेअरमधली चूक कळवायच्या टिपणाची, मांडणी आहे. टेस्टर आयुष्यभर असंच लिहितो. मी स्वतः टेस्टर आहे आणि मला आपल्याच धंद्याची लकब ओळखता आली नाही, कारण मी वाचत नव्हतेच, मी तपासत होते.

१२ फेब्रुवारी

त्यांना फोन केला. माफी मागितली. ते फार बोलले नाहीत, पण फोन ठेवलाही नाही. अर्धा तास झाला. भार चाचणीत त्यांनी बारा वर्षं काढली आहेत. हजारो लोक एकाच वेळी आले तर यंत्रणा कुठे कोलमडते, हे शोधायचं काम. कामाबद्दल बोलायला लागल्यावर आवाज बदलला.

रात्री एक अभ्यास वाचला, २०२३मधला, अमेरिकेच्या विज्ञान अकादमीच्या नियतकालिकातला. लोकांना माणसांनी आणि यंत्राने लिहिलेले स्वपरिचय दाखवले, त्यांत नोकरीसाठीचेही होते, आणि ओळखायला सांगितलं. बरोबर येण्याचं प्रमाण नाणं उडवण्याइतकंच. लोक काही खुणांवर भरवसा ठेवतात: ‘मी’ म्हटलं की माणूस, घरच्यांचा उल्लेख आला की माणूस. या खुणा यंत्र सहज घेतं. त्यातल्याच एका संशोधकाचं २०१९चं काम आणखी बोचरं आहे: माणसाचं आणि यंत्राचं लिखाण मिसळलेलं आहे असं कळलं की जे जे यंत्राचं वाटतं त्याच्यावरचा विश्वास उडतो, मग ते खरोखर कुणाचंही असो.

म्हणजे आम्ही चार महिने त्या १८८ संवादांत जी उत्तरं पाठवली त्यांची किंमत या गृहस्थांनी मोजली. असल्या उत्तरांनी माझी नजर नासली आणि ती नासलेली नजर घेऊन मी एका प्रामाणिक माणसासमोर बसले.

नियम, आजपासून, चौघांसाठी: पत्र कुणी लिहिलं याची शंका घ्यायची नाही. शंका आलीच तर पत्रातल्या कुठल्या तरी गोष्टीबद्दल प्रश्न विचारायचा. ज्याचं आहे तो सांगेल.

१९ फेब्रुवारी

गेल्या आठवड्यातल्या नियमाची लगेच परीक्षा. एका तरुणाने आपणहून लिहिलं: ज्या भाषेत नोकरीचं सगळं बोलणं चालतं ती माझी तिसरी भाषा आहे, मी माझ्या भाषेत लिहितो आणि मॉडेलकडून वळवून घेतो, तुम्हाला चालेल का?

न चालायला काय झालं? त्याने आधी स्वतः लिहिलं आहे. विचार त्याचा, अडचण त्याची, फक्त भाषेचा उंबरठा ओलांडायला हात धरला. ताईंनी त्याला सुचवलं की मूळ मजकूरही सोबत पाठव, आमच्यापैकी दोघांना तुझी भाषा येते. त्याने पाठवला. दोन्ही शेजारी ठेवून वाचले. मूळ मजकुरात होतं, "मुलाखतीला गेलो की माझी जीभ जड होते आणि मला बावळट समजतात." वळवलेल्या मजकुरात: "संवादकौशल्य अधिक विकसित करण्याची माझी इच्छा आहे."

जी ओळ वाचून त्याला कुणाशी जोडायचं हे मला क्षणात कळलं असतं, तीच गुळगुळीत होऊन गेली होती. त्याला हे दाखवलं. तो म्हणाला, "ताई, असं थेट लिहिलेलं चालतं?" चालतं रे बाबा, तेच चालतं.

२०२३च्या एका प्रयोगाची आठवण झाली. तयार उत्तरं वापरणारे जास्त झरझर आणि जास्त गोड बोलतात, आणि समोरच्यालाही ते आपलेसे वाटतात. पण तयार उत्तर वापरत असल्याचा संशय आला की मत उलटं होतं. हा मुलगा उघड सांगून वापरतो आहे, म्हणून त्याच्यावर माझा विश्वास उलट वाढला.

२८ फेब्रुवारी

मागे पडलो आहोत. सव्वीस पत्रं पडून. हिशेब मांडला: एक पत्र दोनदा वाचून उत्तर लिहायला मला वीस मिनिटं लागतात. चौघं, तीन रात्री, प्रत्येकी तासभर. आठवड्याला छत्तीस पत्रं, त्यापलीकडे नाही. महिन्यातला शेवटचा आठवडा नवी पत्रं घ्यायची नाहीत, आणि तसं पानावर लिहायचं. मित्राला हे पटलेलं नाही. त्याच्या मते अर्ध्या लोकांना तरी यंत्राने वाटेला लावता आलं असतं. बघू. माझा जीव या छत्तीसांत आहे.

६ मार्च

उत्तर लिहायची आमची एक रीत पडत चालली आहे. पत्र दोनदा वाचायचं, मध्ये थोडा वेळ जाऊ द्यायचा. पत्रातली एक गोष्ट त्यांच्याच शब्दांत उचलायची. मग असा प्रश्न विचारायचा ज्याचं उत्तर आपल्याला माहीत नाही.

उदाहरण लिहून ठेवते. एका बाईंच्या पत्रात जाता जाता ओळ होती की पुन्हा घडवून दाखवता न आलेल्या बगची त्या एक वही ठेवायच्या. टेस्टर असाल तर हे दुखणं ठाऊक असेल. चूक एकदा दिसते, आपण सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या डेव्हलपरला बोलावतो, आणि ती लपून बसते. रिपोर्ट परत येतो, ‘माझ्याकडे चालतंय’ असा शेरा घेऊन. बहुतेक जण ते सोडून देतात. या लिहून ठेवायच्या. मी विचारलं, त्या वहीतला अजून न सुटलेला कुठला?

दोन पानांचं उत्तर आलं. एका नोंदणीच्या प्रणालीत महिन्यातून एकदा कुठली तरी नोंद दोनदा पडायची. त्यांनी आठ महिने वेळा टिपल्या होत्या. संशय असा की दोन सर्व्हरची घड्याळं किंचित पुढेमागे होती. सिद्ध होण्याआधी नोकरी सुटली. हे पत्र त्यांना विचारून मी आमच्या एका मेंटॉरना दाखवलं. त्यांनी घड्याळांच्या फरकाचीच लढाई दोन वर्षं लढलेली. दोघी परवा दीड तास बोलल्या. मी मध्ये नव्हतेच.

मित्राला हे सांगितल्यावर तो म्हणाला, "समोरच्याचा शब्द उचलायचा आणि प्रश्न करून परत द्यायचा, हे तर एलायझा करायची." जोसेफ वायझेनबाउम यांनी एमआयटीत लिहिलेला तो प्रोग्राम, १९६६चा. तुम्ही म्हणायचं ‘आई आठवते’, ती म्हणायची ‘घरच्यांबद्दल आणखी सांगा’. वायझेनबाउम यांनी नंतर लिहून ठेवलं आहे की त्यांची सेक्रेटरी, जिने त्यांना महिनोन्‌महिने तो प्रोग्राम लिहिताना पाहिलं होतं, तीसुद्धा थोडं बोलल्यावर त्यांना म्हणाली की जरा खोलीबाहेर जाता का. हे पाहून ते हादरले आणि पुढे अशा यंत्रांचे कडक टीकाकार झाले.

मित्राचा प्रश्न दिवसभर डोक्यात होता. फरक मला असा दिसतो. एलायझा प्रश्न विचारायची, पण मिळालेल्या उत्तराने तिचं काहीच हलायचं नाही. पुढच्या वाक्याला ती जवळजवळ कोरीच. वहीचं उत्तर आल्यावर मात्र आम्हाला उठून काही करावं लागलं, मेंटॉर बदलला, परवानगी मागावी लागली, माझी दोन रात्रींची कामं मागे पडली. हे त्याला लिहून पाठवलं. त्याने फक्त ‘मान्य’ लिहिलं आणि त्या रात्री सात पत्रं घेतली. त्याची नेहमीची तीन असतात.

१७ मार्च

‘अजून कुणी वाचलेलं नाही’ या पोचेला उत्तर म्हणून लोक आणखी लिहू लागले आहेत. "मग थोडं सविस्तर सांगते", "आधीच्या पत्रात एक गोष्ट राहिली", असं. पहिलं पत्र अर्जासारखं आणि दुसरं माणसासारखं. ताईंनी वाक्याबद्दलचा आक्षेप मागे घेतला. त्या अकरा जणांपैकी नऊ जणांनी खरं कळवल्याबद्दल उत्तर दिलं. दोघांनी दिलं नाही, आणि तो त्यांचा हक्क आहे.

भार चाचणीवाले गृहस्थ आता आमचे मेंटॉर आहेत. स्वतःची नोकरी अजून लागलेली नाही, पण मुलाखतीच्या दोन फेऱ्या झाल्या.

२४ मार्च

डिसेंबरच्या पत्रातल्या बाईंचं उत्तर आलं. अकरा आठवड्यांनी.

चारच ओळी. माझं जानेवारीतलं पत्र त्यांनी तेव्हाच वाचलं होतं, पण तेही यंत्राचंच असेल असं धरून बाजूला ठेवलं होतं. ‘चूक आमची आहे’ असं यंत्रही छान म्हणतं, असं त्यांनी लिहिलं आहे. मग पुढे: "खरंच वाचलं असेल तर सांगा, माझे वडील मला काय विचारायचे?"

पत्र न उघडता लिहिलं: "आज किती चुका पकडल्यास. आणि तुम्ही नोकरी सोडल्यावरही त्यांना रोज आकडा सांगत राहिलात. मला विचारायचं होतं आणि जानेवारीत धीर झाला नाही: तो आकडा तुम्ही कसा ठरवायचात?"

तासाभराने उत्तर आलं. घरातल्याच मोजायची, म्हणाली. औषधाच्या चिठ्ठीवर चुकलेली मात्रा, दवाखान्याच्या बिलात दोनदा लागलेली तपासणी, मोबाइलवरच्या ॲपमध्ये नीट न दिसणारं बटण. आकडा खोटा कधीच नव्हता. सहा वर्षांचे सगळे कॅलेंडरवर लिहिलेले आहेत.

गुरुवारी रात्री साडेआठला फोन ठरला आहे. आरोग्यसेवेच्या सॉफ्टवेअरवर काम केलेल्या मेंटॉर ताईंना उद्या विचारायचं. त्या कॅलेंडरांबद्दल त्यांना मी आधी काही सांगणार नाही, ते त्यांनी तिच्याकडूनच ऐकावं. पडून असलेली पत्रं: नऊ.